दहाचा पाना गेला कुठे?

गाडीखालून एक काळा पंजा बाहेर येतो. "दहा-अकरा दे रे!" पोऱ्या पत्र्याच्या पेटीत हात घालतो. खडखडाट होतो. आठ-नऊ निघतो, बारा-तेरा निघतो, दिवाळीपासून हरवलेली पक्कडसुद्धा निघते. दहा-अकरा काही सापडत नाही. "काल टायरवाल्यानं नेला होता, उस्ताद." त्यानंतर गाडीखालून जे ऐकू येतं ते छापता येत नाही.

गॅरेजात गेलो की आपण बिलाकडे बघतो, गाडीकडे बघतो, घड्याळाकडे बघतो. पेटीकडे कुणी बघत नाही. खऱ्या गमती तिथेच असतात. चला, आज झाकण उघडून बघू.

आकडा डोक्याचा

पान्यावर १० लिहिलंय म्हणजे बोल्ट १० मिलिमीटर जाडीचा, असं नाही. बोल्टच्या षटकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं ते अंतर. डोकं १०चं असेल तर खालचा बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचाच असतो. आणि हे ६चे बोल्ट गाडीत जिकडेतिकडे असतात: बॅटरीच्या टर्मिनलला, साइड कव्हरला, एअर फिल्टरच्या डब्याला. म्हणूनच दहाचा पाना सगळ्यात जास्त हातात, सगळ्यात जास्त खिशात आणि सगळ्यात आधी बेपत्ता. हे दुःख फक्त आपलं नाही. अमेरिकेतले मेकॅनिकही हरवलेल्या दहाच्या सॉकेटवरूनच एकमेकांची चेष्टा करतात.

८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा १२चं, युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३चं. आपला बारा-तेरा एका दांड्यात दोघांनाही पुरतो.

मान तिरकी का?

फिक्स पाना नीट बघा. त्याचं तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, साधारण १५ अंशांत कललेलं असतं. तो कारखान्यातला दोष नव्हे, तीच हुशारी. षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा तसाच दिसतो. सरळ तोंडाचा पाना असता तर दर वेळी ६० अंश फिरवायला जागा लागली असती. तिरक्या तोंडाचा पाना उलटापालटा करत लावला की ३० अंशांत भागतं. इंजिन आणि पत्र्याच्या मधल्या सांदीत मिस्त्री पाना सारखा पालथा का करतो, ते आता कळलं असेल.

लांबी शोभेची नाही

आठ-नऊ बोटभर आणि वीस-बावीस हातभर का? कारण पान्याची लांबी हाच ताकदीचा लगाम. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर. त्याच बोल्टवर हातभर दांडा लावून तेवढाच जोर केला तर "कट्" असा आवाज येतो. त्या आवाजानंतर गॅरेजात दोन मिनिटं कुणी बोलत नाही. अर्धा बोल्ट हातात, अर्धा इंजिनात.

चाकाच्या नटाचं उलट. अनेक छोट्या गाड्यांत तिथे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. गाडीसोबतचा पाना पाव मीटरचा असेल तर टोकाला ४० किलोचा भार हवा. म्हणून रस्त्याकडेला माणसं व्हील पान्यावर उभी राहिलेली दिसतात. एवढं लक्षात ठेवा: नट आधी सैल करायचे, मगच जॅक लावायचा. चाक हवेत गेल्यावर जोर केला तर नट जागेवर आणि चाक गरगर.

गोटी मिलिमीटरची, भोक सुताचं

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. जुन्या बुलेटचे इंची पाने आता जुन्या बाजारात शोधावे लागतात. पण सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटी, उलटी करून बघा. पुढचं तोंड १० किंवा १४ मिलिमीटरचं, आणि मागचं चौकोनी भोक पाव इंच, तीन अष्टमांश इंच नाहीतर अर्धा इंच. जगभर असंच. आपल्या मिस्त्रीच्या हिशेबात दोन सुती, तीन सुती, चार सुती. मेट्रिक आलं ते गोटीच्या तोंडापर्यंतच.

चावी आणि मेस्त्री, दोघे एकाच बोटीतून

'चावी' हा शब्द मराठीत आला पोर्तुगीज 'शाव्ह'वरून. गंमत अशी, की पोर्तुगीजांच्या भाषेत तोच शब्द पान्यालाही चालतो. आणि ती चावी फिरवणारा 'मेस्त्री'? तोही पोर्तुगीजच. मूळ 'मेश्त्र', म्हणजे उस्ताद.

'स्टेपनी' मात्र वेल्सची. १९०४ साली लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाजूनं बांधायची जादा रिम काढली. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. त्या रस्त्याचं नाव आज आपल्या डिकीत पडून असतं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपी'च म्हणतात.

एक पाना, सगळ्यांचा गडी

ज्याचं तोंड लहानमोठं करता येतं तो आजच्या घडणीचा स्क्रू पाना स्वीडनच्या योहान पेटर योहानसनचा. पेटंट १८९२ चं. त्या काळी नटांच्या मापांना धरबंध नव्हता आणि दर कामाला पेटीभर पाने वाहावे लागत. वैतागातून हत्यार जन्मलं. मुरलेला मिस्त्री मात्र तो शेवटचा उपाय म्हणूनच हातात घेतो. त्याचं हलतं तोंड जरा ढिलं पडलं की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. घ्यायचाच असेल तर जोर पक्क्या जबड्यावर येईल असा धरा.

स्वीडनचा एक धागा आपल्याकडेही आहे. नाशिकच्या सातपूरमधल्या टपारियानं हत्यारं बनवायला सुरुवात केली ती १९६९ साली, स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं.

घ्यायचं कुठे, बघायचं काय?

पुण्यात नवं हवं असेल तर बोहरी आळी. जुनं हवं असेल तर रविवारचा किंवा बुधवारचा जुना बाजार. मुंबईत नागदेवी स्ट्रीट. जुन्या बाजारात फरशीवर पाने मांडलेले असतात आणि विकणारा म्हणतो, "जर्मन माल आहे, साहेब." जर्मनी राहू द्या बाजूला, खिशातून नवा बोल्ट काढा. त्याच्या डोक्यावर पाना बसवून हलवा. खुळखुळला तर तोंड फाकलंय, ठेवून द्या. रिंग पान्यात बोट घालून आतले कोपरे चाचपा. रॅचेट कानाशी धरून फिरवा. टकटक एकसारखी यायला हवी, मध्येच गिळली तर दाता गेलाय. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरं धातूत कोरलेली असावीत, चिकटवलेली नकोत.

गोटी चकाकती की काळी? हातानं फिरवायला चकाकती घ्या. हवेच्या गनवर लावायची असेल तर काळीच. गनच्या ठोक्यांनी चकाकत्या गोटीचा मुलामा सोलतो आणि सुरीसारखे कपचे उडतात.

आणि हत्यारं घेतो कोण? आपल्याकडे ती बहुधा मालकाची. पोऱ्या आधी हात तयार करतो, मग एकेक पाना जमवतो. अमेरिकेत मेकॅनिक नोकरीला येतो तो स्वतःची पेटी घेऊनच. तिथे हत्यारांची व्हॅन दर आठवड्याला गॅरेजच्या दारात उभी राहते. हप्त्यावर हत्यार, हप्ता भरताना आणखी एक हत्यार. या धंद्यातलं मोठं नाव स्नॅप-ऑन. ती कंपनी १९२० साली सुरू झाली एका साध्या कल्पनेवर: पाच दांडे आणि दहा गोट्या, कुठलाही दांडा कुठल्याही गोटीला. पंधरा तुकड्यांत पन्नास पान्यांचं काम.

स्टार दिसतो, पण स्टार नसतो

फुलीच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'स्टार' स्क्रूचं नाव फिलिप्स. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३०च्या दशकात तो बाजारात आणला आणि कॅडिलॅकच्या कारखान्यात तो आधी रुळला. जपानी बाइकवरच्या स्क्रूलाही फुलीच असते, पण ती वेगळ्या घडणीची. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर केला की वर चढून फुली खातो. कार्बोरेटरचे अर्धे स्क्रू असेच शहीद झाले. डोक्यावर बारीक टिंब दिसलं तर सावध व्हा, तो जपानी.

उलटे आटे

उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे फिरवलं की सैल, हे सगळ्यांना ठाऊक. सायकलच्या डाव्या पेडलला मात्र नाही. तिथे आटे उलटे, नाहीतर पाय मारता मारता पेडलच सुटून आलं असतं. यामाहाच्या उजव्या आरशाचेही आटे उलटे. काही धडकलं तर आरसा मोडण्याऐवजी सैल व्हावा म्हणून. हे माहीत नसलेला माणूस आरसा "सोडवत" बसतो आणि आरसा आणखी घट्ट होत जातो.

जुगाडातलं माप

फट मोजायचा फिलर गेज नसला तर जुना मिस्त्री हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा काढतो. हातकरवतीचं पातं साधारण ०.६३ मिलिमीटर जाडीचं, आणि जुन्या स्कूटरच्या प्लगची फटही त्याच घरातली. इंजिनातून कुठून तरी टकटक येते? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. झाला स्टेथोस्कोप. फिरत्या पट्ट्यापासून मात्र शर्टाची बाही लांब ठेवा.

नव्या गाड्यांची तब्येत स्कॅनर सांगतो. स्टिअरिंगजवळ, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो जोडायचा. पण तोही खूण तेवढी दाखवतो. "सेन्सरमध्ये बिघाड" असं त्यानं म्हटलं, तरी उंदरानं कुरतडलेली वायर शोधायला डोळेच लागतात.

उसनवारीचं शास्त्र

आता मूळ दुखण्याकडे. हत्यार परत यावं म्हणून गॅरेजात केवढे उपाय! कुणी पान्यावर पंचानं तीन टिंबं उठवतो, कुणी लाल टेप गुंडाळतो, कुणी बायकोचं नेलपॉलिश लावतो. सगळ्यात खात्रीचा उपाय एकच: "पुलर ने, पण तुझ्या गाडीची चावी इथे ठेव."

उस्ताद लोकांचा एक न लिहिलेला कायदा आहे. हातोडी, पक्कड, साधा पाना मागितला तर द्यायचा. पीळ मोजायचा टॉर्क रेंच, टॅपचा सेट, फिलर गेज सख्ख्या भावालाही नाही. कारण हातोडी मोडली तर दिसते. टॉर्क रेंच कुणी नट सोडायला वापरला किंवा हातातून आपटला, तर तो वरून तसाच दिसतो आणि आतून खोटं बोलायला लागतो. मोडलेलं दिसतं ते उसनं द्यावं, बिघडलेलं दिसत नाही ते देऊ नये.

मी स्वतःही गुन्हेगार आहे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून चौदाचा टी-पाना "दहा मिनिटांत आणतो" म्हणून नेला होता. आठवड्यानं मी पेट्रोल भरून परतत असताना त्यानं हात केला. पान्याचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "दादा, घरी सगळे बरे ना? आमचा चौदा पण बरा आहे ना?" इतकं गोड बोलून मला आजवर कुणी लाजवलेलं नाही.

आणि हत्यार हरवल्याचं फार मनाला लावूनही घेऊ नका. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीर हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर यानाबाहेर काम करत होत्या. ग्रीस पुसता पुसता त्यांच्या हत्यारांची अख्खी बॅग निसटली. जवळपास एक लाख डॉलरचा ऐवज. पुढच्या ऑगस्टमध्ये वातावरणात जळून जाईपर्यंत ती पृथ्वीभोवती फिरत होती. २०२३ मध्ये आणखी एक बॅग गेली. तिथे तर शेजारचा टायरवालाही नव्हता.

वर्षातून एकदा हजेरी

खंडेनवमीला सगळी पेटी रिकामी होते. पाने डिझेलमध्ये धुतले जातात, फडक्यानं पुसून क्रमानं मांडले जातात, हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. त्या दिवशी त्यांना काम नाही. रांगेत मांडले की कोणाची जागा रिकामी आहे ते लगेच दिसतं. आठ-नऊ हजर, बारा-तेरा हजर, मधलं एक घर मोकळं. वर्षभराचा हिशेब त्या एका फटीत असतो.

तेव्हा आज घरी गेलात की एकदा डिकी उघडा, खिळ्या-स्क्रूंचा तो बिस्किटाचा डबाही उपसून बघा. त्यात लाल टेप लावलेला किंवा तीन टिंबांचा पाना सापडला तर पुसून, तेलाचा थेंब लावून ज्याचा त्याला नेऊन द्या. खंडेनवमीची वाट बघू नका. कुठल्या तरी गाडीखालून एक हात अजून बाहेर आलेलाच आहे.