अर्धा किलोत आठ ताटं: चायनीज पद्धतीची कोंबडीची कोशिंबीर

आज रेडिओवर आम्ही गटातल्या तिघी-चौघी मिळून बोलणार आहोत आणि विषय आहे खाण्याचा. चायनीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती तिठ्यावरची गाडी, मोठा जाळ आणि लालभडक भात. मुलं पैसे मागतात, आपण ओरडतो आणि शेवटी देतो. पण आज सांगणार आहोत तो पदार्थ त्या गाडीवर मिळत नाही. त्यात तळण नाममात्र, रंग तर अजिबात नाही. ही आहे थंड कोंबडीची कोशिंबीर.

हिची मूळ जात चीनच्या सिचुआन प्रांतातली. तिथे कोंबडी उकडतात, लाकडी दांडक्याने ठोकून तिचे धागे सैल करतात, मग हाताने सोडवून त्यावर तीळ, तिखट तेल आणि सोया सॉसचं कालवण घालतात. दांडक्याला तिकडे ‘बांग’ म्हणतात, म्हणून त्या पदार्थाचं नाव ‘बांग बांग’ कोंबडी. कोबी-गाजर आणि वर कुरकुरीत तळलेल्या पट्ट्या घातलेलं जे रूप आहे ते अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियाचं. तिथे सांता मोनिका या गावी सिल्व्हिया वू या चिनी बाईंनी १९५९ मध्ये हॉटेल काढलं आणि त्यांची ही कोशिंबीर फार गाजली. म्हणजे चायनीज नाव लावून चीनबाहेर वाढलेलंच हे खाणं. आपलं मंचुरियनही तसंच, ते मुंबईतच जन्मलं म्हणतात.

आता आम्हाला ही का आवडली ते सांगतो. घरात अर्धा किलो चिकन आणलं आणि रस्सा केला की पीस मोजले जातात. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणा आला तर पाहुणा. करणारीच्या ताटात मान, पंखाचं टोक आणि रस्सा. रस्सा चांगला असतो हो, पण पोटाला बळ मांसातून मिळतं. उकडलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढी रश्शात उतरत नाहीत. या कोशिंबिरीत मांस धाग्याधाग्याने सगळीकडे मिसळलेलं असतं. कुणाचा पीस मोठा, कुणाचा लहान हे मोजताच येत नाही. अर्ध्या किलोत आठ ताटं होतात आणि आठवं ताट आपलं असतं.

साहित्य असं. अर्धा किलो ब्रॉयलरचा छातीचा भाग, हाडासकट. बिनहाडाचं महाग पडतं आणि हाडाने पाण्याला चव येते. गावरान कोंबडी यात घालू नका, तिचे धागे चिवट राहतात, तिला रश्शातच मान आहे. अर्धा गड्डा कोबी, दोन गाजरं, एक काकडी, पातीच्या कांद्याची लहान जुडी, मूठभर कोथिंबीर. कालवणासाठी चार चमचे तीळ, मूठभर शेंगदाणे, लसणाच्या चार पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, सुपारीएवढा गूळ, दोन लिंबं, दोन चमचे सोया सॉस. चमचा म्हणजे आपला पोहे खायचा.

पातेल्यात दीड लिटर पाणी घ्या. आल्याच्या दोन चकत्या, पातीच्या कांद्याचे पांढरे भाग आणि जरासं मीठ घालून उकळी आणा, मग चिकन सोडा. पुन्हा उकळी आली की आच बारीक करा. खळाखळा उकळवलं तर मांस आकसतं आणि भुशासारखं कोरडं होतं. झाकण ठेवून वीस मिनिटं मंद शिजू द्या, मग आच बंद करून दहा मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या. आता सर्वात जाड जागी, हाडाजवळ सुरी खुपसून बघा. आत गुलाबी दिसलं किंवा लालसर पाणी आलं तर परत चुलीवर. इथे अंदाजावर जाऊ नका.

शिजतंय तोवर भाज्या. कोबीची वरची पानं काढून टाका, बाकी पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुवा आणि निथळून अगदी कोरडी करा. मग विळीवर केसासारखा बारीक चिरा. गाजर किसू नका, किसाला पाणी सुटतं, त्याच्या काड्या करा. काकडीच्या मधला बियांचा गर काढून टाका.

खरी चव कालवणात आहे. तीळ लाडवासाठी भाजतो त्यापेक्षा थोडे जास्त, बदामी रंगावर भाजा. चिनी स्वयंपाकातला तिळाचा वास भाजक्या तिळाचा असतो, कच्च्या तेलाचा नाही. शेंगदाणे भाजून सोला आणि दोन्ही पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. त्यात ठेचलेलं आलं-लसूण, गूळ, लिंबाचा रस, सोया सॉस आणि चिकनचं दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून पळीवाढं करा. मीठ घालू नका. सोया सॉस मुळातच खारट असतो आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी तर एकच चमचा पुरे. हा सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून करतात. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात रानंच्या रानं सोयाबीन पिकतं आणि घरात त्याची एवढीशी बाटली विकत येते, हे आम्हाला दर वेळी गमतीचं वाटतं. बाटली घेताना तारीख बघून घ्या.

शेवटी तिखट तेल. तीन चमचे तेल तापवा, आचेवरून उतरवा, मिनिटभर थांबा आणि मग वाटीतल्या एक चमचा मिरचीच्या भरडीवर ओता. घाईने ओतलं तर मिरची जळते आणि खोकून जीव जातो. सिचुआनमध्ये यात एक छोटं फळ घालतात, त्याने जीभ झिणझिणते. ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं आहे, मैत्रिणींनो! कोकणातल्या बायका बांगड्याच्या कालवणात घालतात तेच तिरफळ. काळी बी फेकून द्या, तीन-चार टरफलं जराशी भाजून कुटून तेलात टाका. मिळालं नाही तर अडत नाही.

चिकन कोमट झालं की स्वच्छ लाटण्याने हलकं ठोका आणि धाग्याच्या दिशेने बोटांनी सोडवा. गार झाल्यावर ते नीट सुटत नाही.

आणि आता जे सांगायला आम्ही मुळात बसलो ते. रश्शाला शेवटी उकळी येते, हिला येत नाही. हात लागल्यावर पुढे आग नाही, सरळ तोंडात. म्हणून कच्चं चिकन ज्या ताटात होतं त्यात शिजलेलं काढायचं नाही. कच्च्याची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कोबीला लावायचे नाहीत. नळाच्या धारेखाली चिकन धरू नका, शिंतोडे भाजीवर उडतात. धुवायचंच असेल तर खोल पातेल्यात हळू बुचकळून काढा. बोटाला विळी लागली असेल, फोड आला असेल, तर ते धागे दुसरीने सोडवावेत.

हे आम्ही पुस्तक वाचून शिकलो नाही. एका मेळाव्यात आमच्या गटाने या कोशिंबिरीचा स्टॉल लावला होता. तीन किलो चिकन, पैसे गटाच्या खात्यातले. आम्ही हुशारी केली, सकाळी दहालाच सगळं कालवून डबे भरले. पाहुण्यांची भाषणं लांबली. दीड वाजता डबे उघडले तर कोबीला पाणी सुटलेलं, सगळं लिबलिबीत. वर मंडपात एप्रिलचं ऊन. एकीने चव घेतली, म्हणाली, काही बिघडलेलं नाही. आमच्यातल्या काकू म्हणाल्या, “अन्न टाकू नका गं, घरी नेऊन फोडणी देऊ. उकळलं की सगळं मरतं.” आमच्यापैकी निम्म्या जणींना ते पटलंही होतं.

तिथे आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई होत्या, त्यांनी हात धरला. त्या म्हणाल्या, जंतू मरतात, पण काही जंतू अन्नात विष सोडून गेलेले असतात, ते उकळूनही जात नाही. ते जंतू आपल्या हातावर, नाकात, जखमेत असतात आणि त्यांच्या विषाने ना वास येतो ना चव बदलते. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. आमचे साडेतीन झाले होते. खड्डा खणून सगळं पुरलं. पुढच्या बैठकीत हिशेब मांडताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काकू मात्र म्हणाल्या, “दवाखान्याचा खर्च लिहावा लागला नाही, तेवढं वहीत लिहा.”

तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. भाज्या एका परातीत, कालवण बरणीत, चिकन झाकून वेगळं आणि माणसं पाटावर बसली की मगच कालवायचं. वर कोथिंबीर आणि कालच्या चपातीच्या बारीक पट्ट्या तळून टाकायच्या, त्या कुरकुर वाजतात म्हणून मुलं कोबीही खातात. कुणी उशिरा येणार असेल तर त्याच्या वाट्याचं चिकन कोशिंबिरीसाठी ठेवू नका. ते लगेच गरम पाण्यात परत घालून उकळा आणि गरमच ठेवा, त्याला सूप द्या.

ते पाणी ओतून द्यायचं नाही, हे सांगायला नकोच. त्यात हाडं, हळद, मिरीपूड आणि मूठभर तांदूळ घालून शिजवलं की रात्री म्हाताऱ्या माणसांची आणि बाळंतिणीची सोय होते.