बाकी चुकती झाली काय? : हिप हॉपच्या सुवर्णकाळाचा एक हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगारांचा कायदा यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. अशा माणसाने 'अमेरिकेतील हिप हॉपच्या सुवर्णकाळातील अल्बम' हा विषय कळवल्यावर चिटणीसांनी फोन करून, "काही लिहिण्यात चूक तर झाली नाही ना?" असे विचारले. चूक झालेली नाही. ती कशी, एवढेच आज सांगायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत दोन तरुण सभासद हमरीतुमरीवर आले होते. मला वाटले, पाळीची बदलाबदल असेल. पण वाद निराळाच निघाला. एकाचे म्हणणे, 'पब्लिक एनिमी' या मंडळीचा १९८८ सालचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक' हा अल्बम सर्वश्रेष्ठ. दुसऱ्याचे म्हणणे, 'नॅस' या तरुणाच्या १९९४ सालच्या 'इल्मॅटिक'पुढे तो केवळ आरडाओरडा. शेवटी दोघांनी मला लवाद नेमले. लवादाने आधी दोन्ही पक्षांचे कागद वाचावेत, हा आमच्या धंद्यातील नियम आहे. माझे इंग्रजी बेताचे. म्हणून शब्दकोश जवळ घेऊन मी हे दोन्ही अल्बम ऐकले, आणि मग त्यांच्या आगेमागेचेही. आजचे भाषण म्हणजे त्या लवादाचा निवाडा आहे असे समजा.

प्रथम हे प्रकरण जन्मले कोठे, ते पाहू. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९४८ ते १९७२ या काळात त्याच्या पोटातून एक रुंद द्रुतगती मार्ग काढण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. उरलेल्या चाळींकडे मालकांनी पाठ फिरवली, आणि सत्तरीच्या दशकात तेथे इमारतीमागून इमारती जळाल्या. अशा भागातील सेज्विक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कँपबेल या मुलीने एक नाचाची मेजवानी भरवली. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. हे कुटुंब जमैकातून आलेले, आणि भावाला लोक 'कूल हर्क' म्हणत.

या हर्कच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. गाण्यात मध्येच गाणारे आणि इतर वाद्ये थांबतात व फक्त ताल उरतो. त्या काही क्षणांतच नाचणारे खरे रंगात येतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तालाचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. अशा रीतीने सात-आठ सेकंदांचा ताल हवा तेवढा लांबवता येऊ लागला. त्या तालावर कोणीतरी यमके जुळवून बोलू लागला, तो 'रॅप'. ज्या वस्तीत सारंगी किंवा पियानो विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथे जुनी तबकडी हेच वाद्य झाले.

सुवर्णकाळ म्हणतात तो यानंतरचा; साधारणपणे १९८६-८७ पासून नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. तो सुवर्णकाळ का झाला? एक कारण यंत्राचे. १९८७ साली 'एसपी-१२००' नावाचे यंत्र आले. त्यात एकूण दहा सेकंदांच्या आसपास आवाज साठवता येई, आणि त्याचे तुकडे करून हवे तसे जुळवता येत. या तुकडे उचलण्यालाच 'सॅम्पलिंग' म्हणतात. दुसरे कारण, अजून साचा ठरलेला नव्हता. पुढचा अल्बम मागच्यासारखा निघाला तर तेथील श्रोता नाक मुरडी. म्हणून या काळात जी विविधता निर्माण झाली ती थक्क करणारी आहे. १९८७ साली 'एरिक बी आणि राकिम' या जोडीचा अल्बम आला. राकिमने यमक ओळीच्या शेवटी बसवण्याची जुनी सवय मोडून ते ओळीच्या पोटात, दोन-दोन तीन-तीन ठिकाणी पेरले. १९८९ साली 'डी ला सोल' या लाँग आयलंडच्या तीन पोरांनी 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' काढून या कलेत विनोद आणि खेळकरपणा आणला. १९९१ साली 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'ने 'द लो एंड थिअरी'मध्ये जाझ संगीताशी नाते जोडले. त्यातील एका गाण्यात माइल्स डेव्हिसचे जुने साथीदार रॉन कार्टर यांनी स्वतः येऊन बास वाजवला आहे.

आता मूळ वादाकडे येऊ.

१९८८च्या अल्बमची बाजू अशी. ती मंडळी एकाच गाण्यात अनेक तबकड्यांचे तुकडे एकमेकांवर रचतात. भाषणाचा तुकडा, शिट्टीसारखा किंचाळणारा सॅक्सोफोन, ढोलाचा ठेका असे थरावर थर चढवून मोर्चात चालल्याचा भास निर्माण करतात. चक डी याचा आवाज सभा जिंकणाऱ्या वक्त्याचा आहे, आणि त्याच्या शेजारी गळ्यात भले मोठे घड्याळ अडकवून फ्लेव्हर फ्लेव्ह उभा असतो. आपल्या तमाशातील सोंगाड्याचे काम तो चोख करतो. हा अल्बम 'आम्ही' म्हणून बोलतो.

'इल्मॅटिक' 'मी' म्हणून बोलतो. क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीतील वीस वर्षांचा मुलगा खिडकीतून काय दिसते ते सांगतो. अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे, पण त्यात एक शब्द फालतू नाही. एका गाण्याखाली अहमद जमाल यांच्या पियानोचा तुकडा संथपणे फिरत राहतो. दुसऱ्याच्या शेवटी नॅसचे वडील ओलू दारा स्वतः कॉर्नेट वाजवतात. काव्य म्हणून पाहिले तर दुसऱ्या सभासदाची बाजू भक्कम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

दोषही सांगितले पाहिजेत. आरतीसाठी मी उभा राहिलेलो नाही. 'पब्लिक एनिमी'तील एकाने १९८९ साली ज्यूंविषयी द्वेषाचे उद्गार काढले, त्याचा डाग त्या मंडळीला लागलाच. 'एनडब्ल्यूए' या कॅलिफोर्नियातील मंडळीच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'ने पोलिसी जुलमाला अशी वाचा फोडली की, १९८९ साली अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने त्यांच्या कंपनीला निषेधाचे पत्र धाडले. परंतु स्त्रियांविषयी तीत जी भाषा आहे, ती मी या व्यासपीठावर उच्चारू शकत नाही. आणि 'वस्तीतील वास्तव' एवढे म्हणून सोडूनही देणार नाही. त्याच वर्षी क्वीन लतीफाने आपल्या पहिल्या अल्बममध्ये मोनी लव्हला सोबत घेऊन 'लेडीज फर्स्ट' हे गाणे दिले. म्हणजे घरातल्या घरात जाब विचारणाऱ्या स्त्रियाही त्याच काळात उभ्या होत्या. वारसा मोजताना हे दोन्ही मोजावे लागेल.

येथवर माझा निवाडा सोपा होता. पण कामगार चळवळीतील माणसाला एक खोड असते. कापड कितीही सुंदर असले तरी 'हे विणले कोणी आणि त्याला काय मिळाले?' हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. १९८८च्या त्या अल्बममध्ये जो ठेका पुनःपुन्हा कानावर येतो, तो कोणाचा, म्हणून मी शोधू लागलो.

तो क्लाइड स्टबलफील्ड याचा. जेम्स ब्राउन या प्रसिद्ध गायकाच्या ताफ्यात तो ढोलवादक होता. १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटी येथे 'फंकी ड्रमर' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्यात त्याचे काही क्षणांचे एकट्याचे वादन आहे. पुढे शेकडो गाण्यांनी तो ठेका उचलला. पण गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राउनचे, आणि तबकडीची मालकी कंपनीची. स्टबलफील्ड हा वाजवण्याचा मेहनताना घेऊन घरी गेलेला माणूस. २०१७ साली तो वारला.

दुसरी हकीकत याहून कडू आहे. 'विन्स्टन्स' या ताफ्याने १९६९ सालीच एका तबकडीच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची एक धून भरली. तीत ग्रेगरी कोलमन या ढोलवादकाचा जेमतेम सात सेकंदांचा तुकडा आहे. 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या गाण्याखाली तोच आहे, आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन २००६ साली अटलांटा शहरात बेघर अवस्थेत मेला. ताफ्याचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्या हाती कितीतरी वर्षांनी, २०१५ साली, चाहत्यांनी वर्गणी काढून जमवलेले सुमारे २४,००० पौंड पडले. त्याला कायद्याने मिळालेला हक्क म्हणता येणार नाही. ती लोकांची कृतज्ञता होती.

आता कोणी म्हणेल, मग तर ही उघड चोरीच झाली. तुमचे सारे अल्बम चोरीचा माल! हा पूर्वपक्ष अमेरिकेच्या न्यायालयातही मांडला गेला. बिझ मार्की नावाच्या विनोदी रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हन याच्या १९७२ सालच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला होता. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यायाधीश डफी यांनी निकाल दिला. त्याचा आरंभच त्यांनी बायबलातील चोरीविषयीच्या आज्ञेने केला, अल्बमची विक्री थांबवली आणि फौजदारी चौकशीचीही शिफारस केली. बिझ मार्कीने १९९३ साली पुढचा अल्बम काढला, त्याचे नावच 'सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे' अशा अर्थाचे ठेवले!

हसू येते, परंतु त्या निकालाने काय घडले ते पाहा. प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि प्रत्येक परवानगीचे दाम. मग एका गाण्यात अनेक तुकडे रचणे श्रीमंतांनाही परवडेना. मोजके तुकडे घेऊन त्यांवर अधिक काम करण्याकडे कल वळला. म्हणजे माझ्या दोन सभासदांचे दोन अल्बम निरनिराळ्या अमलाखाली तयार झाले आहेत. १९८८चा दाट विणीचा आहे कारण तेव्हा सूत फुकट होते; १९९४चा विरळ आणि नेमका आहे, त्याचे थोडे श्रेय तरी त्या निकालाला द्यावे लागेल. हे ध्यानात न घेता दोघांची तुलना करणे म्हणजे दोन कारखान्यांचे उत्पादन कच्च्या मालाचा भाव न पाहता ताडून पाहण्यासारखे आहे.

आणि त्या दामाचा पैसा गेला कोठे? गाण्याचा हक्क ज्याच्या नावे, त्याला. आणि तबकडीची मालकी ज्याची, त्या कंपनीला. ढोलवादकाचे नाव दोन्ही खात्यांवर नव्हते. चोरी थांबली, पण ज्याची वस्तू त्याला परत मिळाली नाही. माझे वडील गिरणीत विणकर होते. त्यांनी विणलेले कापड कोणी दुकानातून चोरले असते, तर चोराला शिक्षा झाली असती आणि भरपाई दुकानदाराला मिळाली असती. वडिलांच्या पगारात दिडकीचाही फरक पडला नसता. म्हणून 'चोरी' हा शब्द येथे अपुरा आहे. उचलणारी पोरे गरीब, ज्याचे उचलले तोही गरीब, आणि मधला हिशेब दोघांपैकी कोणाच्याच हाती नाही.

उचलणाऱ्यांनाही याचा चटका बसलाच. 'डी ला सोल'वर 'टर्टल्स' या जुन्या ताफ्याच्या लोकांनी दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. पुढे परवान्यांच्या आणि कंपनीच्या गुंत्यात त्यांचे अल्बम अडकले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 'थ्री फीट हाय'ची राष्ट्रीय ठेवा म्हणून २०१० सालच्या यादीत नोंद केली. पण आंतरजालावरील गाण्यांच्या दुकानांत तो ३ मार्च २०२३ रोजी आला. त्या तिघांपैकी डेव्हिड जोलिकूर तीनच आठवड्यांपूर्वी, १२ फेब्रुवारीला, वारला होता.

मग उपाय काय? तो त्याच देशाच्या इतिहासात आहे. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन वादकांच्या महासंघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकड्यांमुळे वादकांचा रोजगार बुडतो, म्हणून दर तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत टाका, ही मागणी. दोन वर्षांहून अधिक लढा चालला; सर्वांत मोठ्या दोन कंपन्या १९४४च्या नोव्हेंबरात नमल्या. उचललेल्या तुकड्यांच्या दामातील एक हिस्सा अशाच निधीत गेला असता, तर कोलमनला निदान छप्पर मिळाले असते. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी उपयोगातील स्वामित्वधनावर हक्क दिला आहे. पण कागदावरचा हक्क हातात पडायला संघटना लागते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता निवाडा. कलाकृतीची घडण पाहिली तर 'इल्मॅटिक' अधिक निर्दोष आहे. तरीही मी कौल देतो तो १९८८च्या अल्बमला. शेकडो अनामिक हातांचे काम एका जागी आणून त्याने त्यांना एका आवाजात बोलायला लावले. आणि तसे काम आता पुन्हा कोणी सहजासहजी करू शकणार नाही. मात्र हा कौल सशर्त आहे. एरिक बी आणि राकिम यांच्या त्या १९८७च्या अल्बमचे नाव 'पेड इन फुल', म्हणजे 'बाकी चुकती'. सुवर्णकाळाच्या खात्यावर ते शब्द अजून लिहिता येत नाहीत.

हा वारसा आपल्यापर्यंतही पोचला आहे. २०१९ साली 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. माझे ते दोन सभासदही आता मराठीत यमके जुळवतात. निवाडा ऐकून हरलेल्याने कुरकुर केली, पण दोघांनी मिळून एक गाणे मात्र केले. त्यात एका जुन्या ढोलकीपटूचा तुकडा आहे. मी विचारले, "हा माणूस आहे का हयात?" दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग रविवारी एसटीने त्याच्या गावी गेले, आणि परत आल्यावर मला एवढेच म्हणाले, "काका, म्हाताऱ्याला माहीतच नव्हतं, आपण अजून वाजतोय म्हणून."