हस्तकलावस्तूंची ऑनलाइन विक्री

हस्तकलावस्तूंची ऑनलाइन विक्री म्हणजे हाताने घडविलेल्या वस्तू कारागिराने आंतरजालाद्वारे ग्राहकास विकणे. ही विक्री स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा अनेक विक्रेत्यांना सामावून घेणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेतून होते. २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालेली एट्सी ही अशी एक प्रसिद्ध बाजारपेठ आहे.

किंमत ठरविणे

नवख्या विक्रेत्याच्या हिशेबात कच्चा माल धरला जातो. स्वतःची मजुरी मात्र अनेकदा राहून जाते. समजा, एका वस्तूस १५० रुपयांचा माल, ३०० रुपयांची मजुरी आणि ३० रुपयांचे पॅकिंग लागले, तर खर्च ४८० रुपये होतो. बाजारपेठेचे शुल्क विक्री किमतीच्या २० टक्के असल्यास, खर्चात २० टक्के मिळवून ५७६ रुपये किंमत ठेवणे तोट्याचे ठरते. कारण शुल्क वजा जाता हाती सुमारे ४६१ रुपयेच उरतात. केवळ खर्च भरून निघण्यासाठी किंमत ६०० रुपये असावी लागते. कुरियरचा खर्च व नफा त्याव्यतिरिक्त धरावा लागतो.

कर

भारतात बाजारपेठेमार्फत माल विकणाऱ्यास, उलाढाल कितीही कमी असली तरी, पूर्वी वस्तू व सेवा करासाठी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालील उलाढाल असलेल्या विक्रेत्यांना यातून सशर्त सूट मिळाली. मात्र ही सूट राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. त्यामुळे पालघरच्या वारली चित्रकाराने बाजारपेठेमार्फत पुण्यास चित्र विकल्यास सूट मिळू शकते. बंगळूरला विकायचे असल्यास नोंदणी आवश्यक ठरते.