बीएनसी, एमएचव्ही की एसएचव्ही? प्लग बसला म्हणजे सुरक्षित, असं नसतं!

गडचिरोली-चंद्रपूरच्या विज्ञान महाविद्यालयांसाठी २०११ पासून स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर नळीला साधारण ४०० ते १००० व्होल्ट लागतात. ते कोअ‍ॅक्सियल केबलमधून जातात. मग कनेक्टर कोणता घ्यायचा?

बीएनसी: ऑसिलोस्कोपला असतो तो. मर्यादा साधारण ५०० व्होल्ट.

एमएचव्ही: जास्त व्होल्टेजचा, पण दिसायला बीएनसीसारखाच. जोर लावला तर बीएनसीतही घुसतो. काढताना अर्थिंग आधी सुटलं, तर शॉक बसू शकतो.

एसएचव्ही: साधारण ५००० व्होल्टपर्यंत. पिन खोल आत असल्याने बोट लागत नाही, बीएनसीत बसतही नाही. नवीन उपकरण घेताना हेच सॉकेट मागा.

आणि केबल? आरजी-५८ आणि आरजी-५९ची जाडी वेगळी असते, त्यामुळे प्लगही त्याच केबलचा हवा. कनेक्टर ५००० व्होल्टचा आणि केबल १५०० ची असेल, तर मर्यादा १५०० चीच.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. धूळ बसलेलं इन्सुलेशन ओलसर झालं की त्यावरून करंट गळतो आणि रीडिंग चुकतं. प्लग कोरडा आणि स्वच्छ ठेवा. व्होल्टेज शून्यावर आणून, वीज बंद करून, थोडं थांबूनच तो काढा.