नागराज आणि त्याचे चित्रकार

नागाविषयी भारतीय मनात भय आणि भक्ती एकत्र नांदतात. नागपंचमीला त्याची पूजा होते. तोच अंगणात दिसला की काठी शोधली जाते. अशा या प्राण्यावरून दिल्लीच्या राज कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९८६ मध्ये हिंदी चित्रकथेचा एक महानायक उभा केला. तो म्हणजे नागराज. पहिली कथा परशुराम शर्मा यांनी लिहिली व प्रताप मुळीक यांनी चितारली.

नागराज आरंभी कोणाचाही त्राता नव्हता. नागमणी नावाचा शास्त्रज्ञ त्याला दहशतवाद्यांच्या हातचे शस्त्र म्हणून घडवतो. नागराजाच्या श्वासात विष असते, मनगटांतून साप निघतात. मन मात्र त्याचे स्वतःचे नसते, कारण त्याच्या डोक्यात एक नियंत्रक कुपी बसवलेली असते. बाबा गोरखनाथ ती काढून टाकतात आणि तो दहशतवादाविरुद्ध लढण्याची प्रतिज्ञा करतो. प्रयोगशाळा परदेशी महानायकांच्या कथांतही आढळते. येथे मुक्ती मिळते ती मात्र नाथपंथाच्या परिचित नावाने.

चित्रकाराची अडचण निराळीच होती. हिरव्या, खवलेदार कातडीचा पुरुष सहज राक्षस वाटला असता. ‘अमर चित्र कथा’ मालिकेत पुराणातील वीर रंगवलेल्या मुळीकांनी नागराजाला तसाच भरदार बांधा दिला आणि चेहरा माणसाचा ठेवला. १९९०च्या दशकात ही मालिका अनुपम सिन्हा यांच्याकडे गेली; ते हिरवे, खवलेदार रूप मात्र पुढेही कायम राहिले.