पेटंट संपलं, किंमत किती उतरली?

स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं. ते रसायनं मिसळून बनत नाही. चिनी हॅमस्टरच्या पेशी टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून हे भलंमोठं प्रथिन बनवून घेतात. टाकीतलं तापमान किंवा आम्लता जरा बदलली, तरी प्रथिनाला चिकटलेल्या शर्करेच्या साखळ्या बदलू शकतात. त्यामुळे साध्या गोळीसारखी हुबेहूब नक्कल जमत नाही. अशा जवळजवळ सारख्या औषधाचं, म्हणजे ‘बायोसिमिलर’चं, मूळ औषधाशी असलेलं साम्य चाचण्यांनी दाखवावं लागतं, आणि तिथेच पैसा व वर्षं जातात.

ट्रास्टुझुमॅबची मूळ कंपनी रोशने २०१३ मध्ये त्याचं भारतातलं पेटंट सोडलं. २०१४ मध्ये बायोकॉन कंपनीचं कॅनमॅब हे त्याचं बायोसिमिलर आलं. त्यावरून रोश आणि बायोकॉनमधला वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. कॅनमॅबची सुरुवातीची सवलत होती मूळ औषधाच्या सुमारे पाव किमतीची. सहसा वर्षभर सलाईनमधून घ्यायच्या औषधासाठी ती फार तोकडी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.