सात गोल की दहा गुण?
एनएचएल या आइस हॉकी लीगच्या २०२२च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) माँट्रियल कॅनेडियन्सने पहिलीच निवड केली ती स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीची. वय १८, खेळायची जागा फॉरवर्ड. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ७ गोल करून तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. फिनलंडच्या लीगमध्ये मात्र ३१ सामन्यांत जेमतेम १० गुण (गोल किंवा गोलसाठीचा पास, प्रत्येकी एक). कोणता आकडा धरायचा? माझ्या मते एकटा कुठलाच नाही. फिनलंडमध्ये समोर कसलेले व्यावसायिक होते; कुमार गटातले गुण त्याच तराजूत तोलता येत नाहीत. शिवाय धिप्पाड अंगाने पक (खेळातली चकती) राखून ठेवणं गुणतक्त्यात दिसतच नाही. एनएचएलच्या पहिल्या मोसमात दुखापतीमुळे ३९ सामने, १० गुण. दुसऱ्यात ८२ सामने, ५० गुण.